पेन्शनरच्या बायकोनं कोणते कागद आधीच नीट करून ठेवावेत

साताऱ्यात सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी सगळी नोकरी झाली. सेवापुस्तकं आणि पेन्शनची प्रकरणं हेच माझं काम. अजूनही कोरेगाव, पाटणकडच्या बायका कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. हे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांसाठी आहे. नंतर लागलेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते कार्यालयात विचारून घ्या.

नॉमिनी आणि पेन्शनचा हक्कदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी नामनिर्देशन पाहून दिली जाते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र नियमानं ठरतं: आधी पत्नी किंवा पती, त्यानंतर मुलं. दिरानं कुठल्या कागदावर स्वतःचं नाव लावून घेतलं तरी तुमची पेन्शन त्याला जात नाही. लग्नाआधी आईच्या नावानं भरलेलं नामनिर्देशन लग्नानंतर नव्यानं भरावं लागतं, आणि हे पुष्कळांचं राहून जातं.

आता घटस्फोट. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून दोन्हीकडची माणसं मोकळी होतात. नोटरीचा शिक्का असला तरी तो घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याखाली न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. जातीच्या रूढीनं काडीमोड झाला म्हणायचं तर ती रूढी न्यायालयात शाबीत करावी लागते. म्हणून वीस वर्षं माहेरी राहिलेली बाईही कायद्यानं पत्नीच असते आणि कुटुंब निवृत्तिवेतनावर हक्क तिचाच. पहिली बायको हयात असताना, हुकूमनामा नसताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. दुसरीची मुलं मात्र कायद्यानं औरस धरली जातात.

हुकूमनामा झाला की पत्नी म्हणून असलेला हक्क संपतो. मुलांचा संपत नाही. पन्नाशीतल्या बाईनं परस्परसंमतीच्या अर्जावर सही करण्याआधी हे मनात पक्कं धरावं. एकरकमी पोटगी मोठी वाटते, पण त्या सहीनं नवऱ्यामागची आयुष्यभराची पेन्शन सुटते. रक्कम ठरवताना वकिलाला हे स्पष्ट सांगा. एकत्र राहणं अशक्य असेल तर न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता न्यायालयाच्या हुकमानं वेगळं राहण्याचा मार्ग आहे. व्यभिचाराच्या कारणावरून ती दिलेली नसेल तर विभक्त पत्नीचा हक्क टिकतो. मात्र विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहजीवन सुरू झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

घटस्फोट झालेल्या कर्मचाऱ्यानं हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत कार्यालयात देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी, कुटुंबाचा तपशील आणि नामनिर्देशन बदलावं. पुन्हा लग्न केलं तर त्या पत्नीच्या नावासाठी हेच कागद लागतात.

पैशाचं गणित बायका हटकून विचारतात. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर पेन्शन ३०,०००. त्यातली ४० टक्के विकली, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले, तर हातात १८,००० आणि महागाई भत्ता. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे इथेही १८,०००. नवऱ्यानं पेन्शन विकली म्हणून तुमच्यातून काही कापत नाहीत. पण महागाई भत्ता त्याला ३०,००० वर मिळत होता, तुम्हाला १८,००० वर मिळेल, त्यामुळे महिन्याची रक्कम घटते. मृत्यू निवृत्तीनंतर लवकर झाला तर काही काळ वाढीव दर असतो. दोन्ही दर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेले असतात.

तो पीपीओ आजच काढून बघा. आधारवर सासरचं नाव, पीपीओवर माहेरचं, जन्मतारीख तिसरीच, असं गावोगाव आहे. आमच्या पिढीत शाळेत घातलेली १ जून सगळ्यांचीच. नवरा हयात असताना दुरुस्तीचा अर्ज त्याच्या सहीनं जातो. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र असे हेलपाटे. जन्मतारखेची दुरुस्ती टाळू नका, कारण वयाच्या ऐंशीनंतरची पेन्शनवाढ तिच्यावरच ठरते.

मृत्यू झाल्यावर पेन्शन त्या दिवसापर्यंत त्याची, दुसऱ्या दिवसापासून तुमची. बँकेला आणि कोषागाराला (ट्रेझरीला) लगेच कळवा. त्याच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका. नंतर जमा झालेली पेन्शन वसूल होते आणि तुमचं प्रकरण अडकतं. तुमचं नाव पीपीओवर असेल तर मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक आणि फोटो घेऊन कोषागारात अर्ज करायचा. जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी त्यांच्याच कार्यालयात जावं. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.