झांझिबारचा नोथो: अंडी पीटमध्ये कशी जपायची

नोथोब्रँकियस गुंथेरी हा झांझिबारच्या उंगुजा बेटावरचा, जेमतेम 5 सेंटिमीटरचा मासा. पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत तो राहतो. डबकं आटलं की मासे मरतात, पण तळच्या चिखलातली अंडी तग धरतात. टाकीत वीण घ्यायची तर हा कोरडा काळ अंड्यांना द्यावाच लागतो.

1 नर आणि 2-3 माद्या 20 लिटरच्या टाकीत ठेवा. एकटीच मादी असेल तर नर तिला दमवून मारतो. पाणी 23-25 अंश, हलका स्पंज फिल्टर, वर घट्ट झाकण. 10 लिटरला 1 चमचा साधं मीठ घाला. अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसते तो वेल्व्हेट रोग या माशांना फार लवकर होतो आणि मिठाने त्याला बराच आळा बसतो.

पीट म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी भुसा. उकळून गार केलेल्या पीटचा 3 सेंटिमीटर थर डब्यात घालून तो डबा टाकीत ठेवा. जोडी पीटला अंग टेकून त्यात एकेक अंडं घालते. दर 1-2 आठवड्यांनी पीट काढून जाळीत हलकेच पिळा आणि वर्तमानपत्रावर पसरून ठेवा.

सगळी मेख पीटच्या ओलाव्यात आहे. मुठीत दाबल्यावर पाणी सुटता कामा नये, पण मूठ उघडल्यावर गोळा मोकळा होत पीट ओलसर लागलं पाहिजे. जास्त ओल राहिली तर अंड्यांवर बुरशी येते, फार सुकलं तर ती चेपतात. आता पिशवीत बंद करा, तारीख लिहा आणि 24-25 अंशांत ठेवून द्या.

साधारण 10-12 आठवड्यांनी भिंगाखाली पाहा. मिलिमीटरभर अंड्यात सोनेरी कड्याचा डोळा स्पष्ट दिसला की अंडी तयार. घाई केली तर पिल्लांच्या वाताशयात (तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीत) हवा भरत नाही आणि ती तळाशीच सरपटत राहतात. ती सुधारत नाहीत.

तयार पीटवर 16-18 अंशांचं पाणी 5-6 सेंटिमीटर ओता. काही तासांत पिल्लं बाहेर येतात. त्यांना पहिल्याच दिवसापासून नुकतीच अंड्यातून फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोनदा द्या. उरलेली त्याच दिवशी काढा, नाहीतर पाणी नासतं. वापरलेलं पीट फेकू नका. सगळी अंडी एका वेळी फुटत नाहीत, कारण पहिला पाऊस फसवा निघाला तरी काही अंडी मागे राहावीत, अशीच त्यांची घडण आहे. तेच पीट पुन्हा सुकवा, 3-4 आठवड्यांनी परत भिजवा.