आरव्हीने मेक्सिकोचा लांबचा प्रवास: आखणी कशी करावी

आरव्ही म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेले वाहन. मेक्सिकोच्या आरव्ही प्रवासाची आखणी करताना आधी ऋतू, मग कागदपत्रे, मग वाहनाचा आकार आणि सर्वांत शेवटी मार्ग असा क्रम ठेवावा. पहिल्या तीन गोष्टी निश्चित झाल्या, की मार्गाविषयीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. उलट क्रमाने गेल्यास सीमेवर पोहोचल्यावर सगळा बेत बदलावा लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेली किंवा नोकरीसाठी राहणारी आणि तेथून स्वतःचे वाहन घेऊन निघू इच्छिणारी मराठी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

निघण्यासाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ उत्तम. पॅसिफिक किनाऱ्यावरील चक्रीवादळांचा हंगाम १५ मेपासून आणि अटलांटिक बाजूचा १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो, तर मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत मुख्य पाऊस जून ते ऑक्टोबरदरम्यान पडतो. हिवाळा कोरडा असला तरी सर्वत्र उबदार नसतो: मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आणि चियापासमधील सान क्रिस्तोबाल सुमारे २,२०० मीटरवर आहे, त्यामुळे तेथील जानेवारीच्या रात्री वाहनात हीटर लागतोच. ईस्टरपूर्वीच्या ‘सेमाना सांता’ या आठवड्यात अवघा देश समुद्रकिनारी लोटतो. त्या दिवसांत किनाऱ्यावर जागा मिळेल, असे गृहीत धरू नये.

कागदपत्रांमध्ये भारतीय पारपत्रधारकांनी सर्वप्रथम स्वतःचा अमेरिकी व्हिसा तपासावा. वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असल्यास मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. मात्र एच-१बीवर असलेल्या अनेकांच्या पारपत्रातील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते आणि केवळ आय-९४, म्हणजे अमेरिकेतील मुक्कामाच्या परवानगीची नोंद, चालू असतो. अशांना मेक्सिकोत शिरण्यासाठी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो. परत येताना ‘ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन’ची, म्हणजे मुदत संपलेल्या व्हिसावरच अमेरिकेत परतण्याची, सवलत मिळू शकते, पण ती ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासालाच लागू असते आणि प्रवासादरम्यान नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केल्यास ती हातची जाते. अशा कुटुंबाने दोन-तीन महिन्यांचा बेत आखूच नये, आणि निघण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सीमेवर ‘एफएमएम’ ही पर्यटक नोंद करून घ्यावी लागते. तिची कमाल मर्यादा १८० दिवस असली तरी प्रत्यक्षात किती दिवस द्यायचे, हे अधिकारी ठरवतो. म्हणून खिडकीपाशी उभे असतानाच आपला कालावधी सांगावा आणि कागदावर लिहिलेला आकडा वाचूनच पुढे निघावे. ही नोंद स्वतःहून मागून घ्यावी, कारण रस्त्याने येणाऱ्याला कित्येकदा कोणी थांबवतच नाही आणि तो शिक्का न घेताच देशात शिरतो. पुढे लष्करी तपासणीत किंवा बाहेर पडताना त्याचा त्रास होतो.

वाहनासाठी ‘टीआयपी’ हा तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो आणि तो बानहेर्सितो या बँकेच्या सीमेवरील कार्यालयात किंवा आधी ऑनलाइन मिळतो. साध्या मोटारीला तो पर्यटकाच्या मुक्कामाइतकाच मिळतो आणि त्यासाठी वाहनाच्या वर्षानुसार २०० ते ४०० डॉलर अनामत ठेवावी लागते. मोटरहोमला, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेल्या आरव्हीला, मात्र तो १० वर्षांसाठी मिळतो, ही मोठीच सोय आहे. वाहनाची नोंदणी अर्जदाराच्या नावावर असावी. कर्ज बाकी असल्यास बँकेचे, आणि वाहन भाड्याचे असल्यास कंपनीचे लेखी संमतीपत्र जवळ ठेवावे. अमेरिकेतील अनेक भाडेकंपन्या वाहन मेक्सिकोत नेऊच देत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावा. बाहा कॅलिफोर्निया या वायव्येकडील द्वीपकल्पाच्या दोन्ही राज्यांत आणि सीमेलगतच्या पट्ट्यात या परवान्याची गरज नसते.

विमा स्वतंत्र घ्यावा लागतो, कारण अमेरिकी पॉलिसीतील दायित्वाचे संरक्षण मेक्सिकोचा कायदा मानत नाही. अपघातात कोणी जखमी झाले, तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवले जाऊ शकते. म्हणून कायदेशीर मदत आणि जामीन यांचा समावेश असलेली, तृतीय पक्षासाठी तीन ते पाच लाख डॉलरचे संरक्षण देणारी पॉलिसी निवडावी. आणखी एक सावधगिरी: बंदूक तर सोडाच, विसरून राहिलेले एखादे काडतूससुद्धा तुरुंगात नेऊ शकते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्याही मेक्सिकोत प्रतिबंधित आहेत. जुने आरव्ही विकत घेतले असेल, तर त्याचा प्रत्येक कप्पा सीमेपूर्वी रिकामा करून पाहावा.

आकाराबाबत माझे मत ठाम आहे: सात मीटरपेक्षा लांब वाहन शक्यतो नेऊ नये. मोठ्या महामार्गांवर बारा मीटरची बसही आरामात जाते, पण मेक्सिकोचे खरे आकर्षण असलेली ग्वानाह्वातो, तास्को यांसारखी वसाहतकालीन गावे चिंचोळ्या दगडी गल्ल्यांची आहेत, आणि ग्वानाह्वातोची वाहतूक तर बरीचशी शहराखालच्या बोगद्यांतून चालते. मोठे वाहन असल्यास ते गावाबाहेर उभे करून टॅक्सीने आत जाण्याची तयारी ठेवावी. मागे मोटार ओढून न्यायची असेल, तर वाढीव आसांमुळे टोलही वाढतो.

मार्गांपैकी पहिल्या प्रवासासाठी बाहाच निवडावा. १९७३मध्ये पूर्ण झालेला महामार्ग क्रमांक १ तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर जातो. त्यावर टीआयपीची कटकट नाही, वाट चुकण्याचा प्रश्न नाही, आणि ३० दिवसांत तो ओढाताण न होता जाऊन-येऊन पूर्ण करता येतो. जानेवारी ते मार्च या काळात गेरेरो नेग्रो आणि सान इग्नासियो येथील खाऱ्या सरोवरांत करडे देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी येतात. त्यांच्यासाठी तीन-चार दिवस राखून ठेवावेत. बाहिया कोन्सेप्सिओनच्या किनाऱ्यांवर पाण्यापासून काही पावलांवर आरव्ही उभी करता येते, पण तेथे वीज आणि पाणी मिळेल असे धरून चालू नये. एल रोसारिओनंतर सुमारे ३०० किलोमीटर पेट्रोल पंपाचा भरवसा नसतो, म्हणून तेथे टाकी पूर्ण भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा महामार्ग बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे आणि त्याला कडेची पट्टी नाही. समोरून ट्रक येताना वेग कमी करून आपल्या बाजूचा आरसा सांभाळावा. ज्यांना पुढे मुख्य भूमीवर जायचे आहे, त्यांना ला पासजवळच्या पिचिलिंगे बंदरावर टीआयपी काढून मासात्लानची फेरी पकडता येते.

थेट मुख्य भूमीवर जाणाऱ्यांसाठी टेक्सासमधील लारेडोजवळचा कोलंबिया पूल सोयीचा आहे, कारण तेथे गर्दी कमी असते आणि नुएवो लारेडो शहर टाळता येते. पुढे मॉन्तेरेय, साल्तियो, मातेवाला, सान लुइस पोतोसी, केरेतारो असा मार्ग घ्यावा. मेक्सिको सिटीत आरव्ही नेऊ नये. ‘ओय नो सिर्कुला’ या नियमाने वाहनक्रमांकानुसार प्रवेशावर बंधने असतात आणि ती परदेशी वाहनांनाही लागू आहेत. ‘आर्को नोर्ते’ या टोल रस्त्याने शहराला वळसा घालून पुएब्ला गाठता येते, आणि तेथून ओआहाका किंवा युकातानकडे वळता येते. सान क्रिस्तोबाल ते पालेंके हा ओकोसिंगोमार्गे जाणारा घाटरस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण तेथे स्थानिकांचे रास्ता रोको आणि अनधिकृत वसुली नेहमीची असल्याने व्हियाएर्मोसावरून जाणारी लांबची वाट धरावी. सुरक्षिततेची स्थिती राज्यागणिक वेगळी आणि बदलती असते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची राज्यनिहाय सूचना निघण्यापूर्वी आणि प्रत्येक नवे राज्य ओलांडण्यापूर्वी वाचावी.

दिवसाचे अंतर २५० ते ३०० किलोमीटरच धरावे आणि दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. रात्री अजिबात वाहन चालवू नये: रस्त्यावर गुरे असतात, बंद पडलेले ट्रक दिव्यांविना उभे असतात आणि ‘तोपे’, म्हणजे गतिरोधक, सूचनाफलकाशिवाय समोर येतात. गावाच्या वेशीवर तोपे असणारच, असे समजून वेग आधीच कमी करावा. अन्यथा कपाटांतील भांडी खाली येतात आणि मागच्या टाकीचे नळ तुटतात. पुढच्या ट्रकने डावा दिवा लावला, तर तो ‘पुढे जा’ असे सुचवत असतो किंवा खरोखरच डावीकडे वळत असतो. खात्री होईपर्यंत मागेच राहावे. ‘क्वोता’ म्हणजे टोलचे रस्ते महाग असले तरी थकलेल्या चालकाला तेच हितकारक. टोलसाठी पेसोची रोकड ठेवावी आणि पावती जपावी, कारण तिच्यात त्या रस्त्यावरील विम्याचा समावेश असतो. वाहन बंद पडल्यास ०७८ क्रमांकावर ‘आन्हेलेस वेर्देस’ या सरकारी हिरव्या गाड्यांची मदत मागता येते. आणीबाणीसाठी ९११ आहे.

इंधन कर्मचारी भरतात. पंपावरील आकडा शून्यावर असल्याचे पाहूनच भरू द्यावे. नव्या डिझेल इंजिनाला अत्यल्प गंधकाचे डिझेल लागते आणि ते सर्वत्र मिळेलच असे नाही, त्यामुळे पर्याय असल्यास पेट्रोलचे वाहन न्यावे. पिण्यासाठी दुकानांतील २० लिटरचा ‘गार्राफोन’ वापरावा आणि वाहनाच्या टाकीत पाणी गाळणीतूनच भरावे. आरव्ही मुक्कामाच्या तळांवरील वीज बहुधा १५ अँपिअरची असते, दाब खालीवर होतो आणि अर्थिंग नसते. चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि छतावर सौर पॅनेल असल्यास बरीचशी चिंता मिटते. मैलापाणी सोडण्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून ती मिळेल तेथे टाकी अर्धी भरली असली तरी रिकामी करून घ्यावी.

परतताना सीमा ओलांडण्याआधी बानहेर्सितोच्या कार्यालयात थांबावे. अनामत ठेवलेल्या मोटारीचा परवाना मुदतीत रद्द करून घेतला नाही, तर ती रक्कम जाते आणि पुढच्या वेळी नवा परवाना नाकारला जातो. मोटरहोमचा १० वर्षांचा परवाना पुढील प्रवासासाठी ठेवता येतो, परंतु वाहन विकायचे असल्यास तो विक्रीपूर्वीच, वाहन प्रत्यक्ष सीमेवर नेऊन रद्द करावा लागतो.