आधी डोळा शोधा: मनीप्लांट, मॉन्स्टेरा, रबर प्लांट, स्नेक प्लांटची रोपं घरच्या घरी

उसाची लागण करताना टिपरं कसंही तोडत नाहीत. प्रत्येक टिपऱ्यावर एक किंवा दोन डोळे आहेत ना, ते आधी पाहतात. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा या वेलवर्गीय झाडांचंही तसंच आहे. नवा कोंब डोळ्यातून येतो आणि डोळा पेरावर असतो. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतीलही, पान कित्येक महिने हिरवंगार राहील, पण त्यातून दुसरं पान कधीच येणार नाही. 'मुळं भरपूर आलीत, पण झाड वाढत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पेर ओळखायला वेल हातात घ्या. जिथून पानाचा देठ निघतो तिथे खोड किंचित फुगलेलं असतं आणि त्याभोवती कड्यासारखी रेघ दिसते. मनीप्लांटवर तिथेच तपकिरी टोकदार गाठ असते. ती हवेतल्या मुळाची सुरुवात. डोळा देठाच्या बेचक्यात दडलेला असतो. वेल जुना असेल तर डोळा बोटाला लागतो.

कात्री किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि पेराच्या खाली मनीप्लांटला १ ते २ सेंटिमीटर, मॉन्स्टेराला ३ ते ४ सेंटिमीटर सोडून कापा. तिरकाच काप हवा असं काही नाही. तो एका झटक्यात व्हावा आणि खोड चेपू नये, एवढं पुरे. मनीप्लांटच्या एका तुकड्यावर दोन पेरं ठेवा. खालच्या पेरावरचं पान काढून टाका, नाहीतर ते पाण्यात कुजतं. मॉन्स्टेराला एक पान, एक पेर आणि जमलं तर हवेतलं एक मूळ पुरतं. त्याचा काप जाड असतो, म्हणून तो सावलीत काही तास सुकू द्या. कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनी लावायची गरज नाही. स्वच्छ ब्लेड आणि सुकलेला काप जास्त उपयोगी. कापण्याआधी पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का पाहा. तो पिठ्या ढेकूण असतो. असा वेल आधी साफ करा, नाहीतर कीड नव्या रोपाबरोबर घरभर जाते. या वेलांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला खाज सुटते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि कापलेले तुकडे लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून दूर ठेवा.

पाण्यात मुळं आणायची तर पेर बुडेल एवढंच पाणी घ्या. पान बुडू देऊ नका. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. बाटली रंगीत काचेची असेल किंवा तिला बाहेरून कागद गुंडाळला असेल तर शेवाळ कमी धरतं. खिडकीजवळ भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली.

पाणी बदलण्याचं मात्र मनावर घ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि मनीप्लांटची बाटली ही त्याची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून दर पाच दिवसांनी पाणी बदला. नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटतात, तेव्हा बाटली आतून ब्रशने घासा. तोंडाशी कापूस बसवला तर आणखी चांगलं.

खोडाचं टोक काळं, बुळबुळीत झालं आणि पाण्याला वास आला तर कूज लागली. काळ्या भागाच्या २ सेंटिमीटर वर, पांढरा-हिरवा टणक गाभा दिसेपर्यंत कापा, काही तास सुकवा आणि धुतलेल्या बाटलीत नवं पाणी भरून ठेवा. कूज पेरापर्यंत पोचली असेल तर वरचं पेर वाचवा, खालचं सोडून द्या.

मनीप्लांटला दोन आठवड्यांत, मॉन्स्टेराला तीन ते पाच आठवड्यांत मुळं दिसतात. मुळं ४-५ सेंटिमीटर झाली आणि त्यांना बाजूची बारीक मुळं फुटली की कुंडीत लावा. जास्त थांबू नका. पाण्यात वाढलेली मुळं मातीत वेगळ्या पद्धतीने काम करतात. ती जितकी लांब, तितका बदल जड जातो. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा, मग हळूहळू पाणी कमी करा.

कुंडीसाठी मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक भाग गांडूळखत. परलाइट मिळालं नाही तर भाताचं तूस चालतं. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, म्हणून ती भिजवून पाणी टाका, पुन्हा भिजवा, पुन्हा टाका, मग पिळून वापरा. कुंडी ४ इंचांचीच. मोठ्या कुंडीत छोटं मूळ म्हणजे पाणी साचून राहणार आणि कूज येणार. खताची घाई नको. नवं पान उलगडल्यावर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा.

हंगाम जून ते सप्टेंबर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवाच दमट, तिथे रोपावर प्लास्टिकची पिशवी घालाल तर बुरशी येईल. उलट विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात ओल टिकवायला पिशवी हवीच, आणि रोज दहा मिनिटं ती काढून हवा द्या. पुणे-नाशिकच्या डिसेंबरातल्या थंड रात्रींत मुळं फुटणं जवळजवळ थांबतं. रोप मेलंय असं समजून टाकू नका.

रबर प्लांटला गुटी कलम उत्तम, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणून मग ती कापून लावणं. डाळिंबाला करतात तीच पद्धत. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर पानाच्या जरा खाली अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. चीक येईल, तो पुसून घ्या. साल काढल्यावर खालचा हिरवट, बुळबुळीत थर नखाने किंवा ब्लेडने खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मूळ येत नाही. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, इथे अडतं आणि वरच्या कडेला साठतं. म्हणून मुळं वरच्या कडेतूनच फुटतात. भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) मूठभर गुंडाळा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने बांधा. पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, मग गुटीखाली कापून लावा. मॉन्स्टेराला अशी सालच नसते, त्यामुळे तिथे फक्त पेराभोवती मॉस बांधायचं.

स्नेक प्लांटला मात्र वेलांसारखा डोळा शोधावा लागत नाही, पानाच्या तुकड्यातूनही कोंब येतो. त्याचं पान ७-८ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा. खालच्या टोकाला इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, म्हणजे उलटं लावलं जाणार नाही. उलट्या तुकड्याला मूळ येत नाही. तीन दिवस सुकवा, तिसरा हिस्सा मिश्रणात पुरा, पाणी जपून. कोंब यायला दोन ते चार महिने. कडेला पिवळी पट्टी असलेल्या जातीचा मात्र पानावरून कोंब साधा हिरवाच येतो. पट्टी हवी असेल तर कुंडी उपडी करून हळकुंडासारखं आडवं खोड शोधा आणि कोंब व मुळं असलेला भाग वेगळा करून लावा.