वर्गात स्लाइड दाखवताना या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या भूगोल किंवा जीवशास्त्र विभागातलं मागचं कपाट उघडलं, की त्यात अजून स्लाइडचे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्म-फोटोंचे, डबे सापडतात आणि खालच्या कप्प्यात प्रोजेक्टरही. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, पण त्यांची एक्टाक्रोम ही स्लाइडची फिल्म २०१८ पासून पुन्हा मिळू लागली. म्हणजे जुन्या स्लाइड दाखवता येतात आणि नव्याही करता येतात. नान्नजच्या माळरानाची चांगली उतरलेली स्लाइड अंधाऱ्या वर्गात पडद्यावर आली, की गवताचे रंग असे दिसतात की मुलं आपोआप गप्प होतात. म्हणूनच हे काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं. बिघडलं की दोष प्रोजेक्टरला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी, फोटो काढताना किंवा खोली लावताना झालेली असते.

शेवटच्या बाकावर काय दिसतं?

पुस्तकाचं अख्खं पान किंवा जनगणनेचा पूर्ण तक्ता एकाच स्लाइडवर घेऊ नका. पडद्यावर १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच चित्र पडतंय आणि शेवटचा बाक ९ मीटरवर आहे असं धरा. तिथल्या मुलाला ते चित्र जितकं मोठं दिसतं, तितकीच मोठी तुमच्या हातातली स्लाइड डोळ्यापासून साधारण १८ सेंटिमीटरवर धरल्यावर दिसते. इतक्या जवळचं आपल्याला, विशेषतः चाळिशीनंतर, स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे स्लाइड उजेडासमोर एक फुटावर धरा आणि भिंग न लावता वाचा. वाचता आली तर मागच्या बाकालाही वाचता येईल. नाही आली तर तक्त्याचे तीन तुकडे करा.

देवनागरीत ही अडचण जास्त जाणवते. अनुस्वार, रफार, जोडाक्षरातली बारीक रेघ आधी नाहीशी होते आणि मुलं वहीत चुकीचं उतरवतात. शब्द मोजके ठेवा, अक्षर जाड घ्या.

मीटरवर आंधळा विश्वास

स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा दाखवून देते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्हची चूक प्रिंट काढताना सावरून घेता येते, इथे फिल्म धुतली की संपलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजतो आणि सोलापुरात तो दोन्ही बाजूंनी फसतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांभोवती पांढऱ्या बाराबंदीतली माणसं फ्रेमभर असतात. मीटरचं ऐकलं तर ती मळकट करडी येतात. उलट, नांगरलेल्या काळ्या रानाचा किंवा बेसॉल्टच्या कड्याचा फोटो मीटरप्रमाणे घेतला, की काळी माती फिकट राखेसारखी दिसते आणि तिच्या भेगा धुऊन निघाल्यासारख्या होतात. भूगोलाच्या तासाला त्या भेगाच तर दाखवायच्या असतात.

उपाय सोपा आहे. स्वच्छ उन्हात १०० आयएसओच्या (इतक्या संवेदनशीलतेच्या) फिल्मला लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंद ठेवा. विषय पांढरा असो वा काळा, ऊन तेच आहे. ढग किंवा सावली असेल तर करड्या कार्डावर मीटर धरा. महत्त्वाच्या विषयाच्या तीन फ्रेम घ्या, एक वर सांगितल्याप्रमाणे आणि अर्धा स्टॉप वर-खाली दोन. फिल्म महाग आहे हे खरं, पण ते दृश्य पुन्हा गाठायला लागणारा वेळ त्याहून महाग पडतो.

पुस्तकातलं चित्र उतरवतानाही हाच नियम. पान पांढरं असेल तर मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. दोन दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर लावा, म्हणजे गुळगुळीत कागद चमकणार नाही. पानाखाली काळा कागद सरकवा, नाहीतर मागच्या पानाची छपाई भुतासारखी वर उमटते. दिवसाच्या उजेडाची फिल्म साध्या पिवळ्या बल्बखाली वापरली तर सगळं नारिंगी येतं. निळा ८०ए फिल्टर लावा आणि त्यासाठी दोन स्टॉप वाढवा. ट्यूबलाइटखाली हिरवट छटा येते. त्यापेक्षा खिडकीशेजारचा सावलीतला उजेड बरा.

आरसा झालेली स्लाइड

एक स्लाइड प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये आठ प्रकारे बसते आणि त्यातला एकच बरोबर असतो. जिल्ह्याचा नकाशा उलटा पडला तर पंढरपूर उजवीकडे आणि अक्कलकोट डावीकडे जातं, अक्षरंही उलटी दिसतात, चूक लगेच कळते. खरा धोका अक्षरं नसलेल्या स्लाइडचा. हृदयाचा छेद डावा-उजवा उलटला तर वर्गात कोणाला पत्ता लागत नाही आणि तेच चित्र डोक्यात पक्कं बसतं. यासाठी प्रत्येक स्लाइड सरळ दिसेल अशी हातात धरा आणि तुमच्याकडच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात ठळक ठिपका काढा. प्रोजेक्टरमागे पडद्याकडे तोंड करून उभे राहा आणि स्लाइड फक्त वरची बाजू खाली करून घाला. तो ठिपका आता वरच्या उजव्या कोपऱ्यात, तुमच्याकडेच हवा. सगळ्या ठिपक्यांची रांग एका नजरेत तपासता येते.

खोली, दिवा आणि वीज

चित्र फिकट पडतंय म्हणून जास्त वॅटचा बल्ब बसवू नका. २४ व्होल्ट, १५० वॅटच्या यंत्रात २५० वॅटचा बल्ब घातला तर स्लाइड आणि वायरिंग दोन्ही धोक्यात येतात. आधी खोली अंधारी करा. आपल्याकडे दुपारचं ऊन पातळ पडद्याला जुमानत नाही. खिडकीवर जाड सोलापुरी चादर, तीही दुहेरी टांगली, की फरक दिसतो. पहिल्या बाकावरच्यांना टिपणं काढण्यापुरता मागे एखादा मंद दिवा चालेल, पडद्यावर मात्र त्याचा उजेड नको.

चित्र वर रुंद आणि खाली अरुंद येत असेल तर प्रोजेक्टर खाली ठेवून तोंड वर केलेलं असतं. टेबलावर स्टूल ठेवून तो पडद्याच्या मध्याच्या उंचीला आणा. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला १.८ मीटर रुंद चित्रासाठी सव्वाचार मीटर अंतर लागतं. बाकांची जागा त्यानुसार आधीच ठरवा.

स्लाइड आल्यावर काही सेकंदांत मधोमध धूसर होते, कारण दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगते. लगेच फोकस फिरवत बसू नका, ती स्थिरावू द्या. आणि एकच स्लाइड पडद्यावर ठेवून दहा मिनिटं बोलत राहू नका, रंग उडतात. कोडॅकचीच जुनी कोडाक्रोम फिल्म कपाटात उत्तम टिकते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात एक्टाक्रोमपेक्षा लवकर फिकी पडते. बोलायचं असेल तेव्हा माउंटमध्ये, म्हणजे स्लाइडच्या चौकटीत, पुठ्ठा बसवलेली काळी स्लाइड मध्ये घाला.

तास संपल्यावर आधी दिवा बंद करा आणि पंखा काही मिनिटं चालू ठेवा. मध्येच वीज गेली तर बटण बंद करून ठेवा, म्हणजे ती परत येतानाचा झटका बल्बला बसणार नाही; गरम यंत्र हलवू नका. हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, त्वचेचं तेल लागलं तर काच तिथेच तडकते. रुमालात धरा. जादा बल्ब वर्गात जवळ असू द्या, स्टोअररूममध्ये नको.

फिल्म आणि डबे

मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना गाडीच्या डिकीत ठेवलेली फिल्म रंग बदलते. फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. धुऊन आलेल्या स्लाइड पीव्हीसीच्या चिकट पाकिटांत ठेवू नका, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि तिचा रंग बदलला की गरम करून वाळवा. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि पुसताना चित्रच निघून येतं. त्यासाठी बिनपाण्याचा फिल्म क्लीनर वापरा, तोही आधी एखाद्या निकामी स्लाइडवर लावून बघा.