चोपड्याहून हिमाद्रीला: आर्क्टिकला जायचं असेल तर

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की कोणाचा तरी मेसेज येतोच, दादा आर्क्टिकला जायला परीक्षा कोणती द्यायची. परीक्षा नसते भो. गोव्याला वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, ते आर्क्टिक मोहिमेसाठी प्रपोजल मागवतं आणि ते युनिव्हर्सिटी किंवा संस्थेमार्फतच जातं, म्हणून आधी असा गाईड शोधा ज्याचं हवामान, हिमनद्या, समुद्र असं काहीतरी काम खरंच चालू आहे. माझा विषय हवेतली काजळी. सुरुवात आपल्याच शेतात झाली, कपाशी निघाल्यावर बांधावर पऱ्हाट्या जाळतात ना, तो धूर मोजत होतो.

व्हिसाचं नीट ऐका. आपलं स्टेशन स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर आहे. स्वालबार्डसाठी व्हिसा लागत नाही, १९२० च्या करारामुळे, त्यात ब्रिटिशांच्या काळापासून भारतही आहे. पण वाट ऑस्लोवरून आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या बाहेर, म्हणजे परत येताना तुम्ही नॉर्वेत दुसऱ्यांदा शिरता, म्हणून डबल एंट्रीच घ्या.

हिमाद्री म्हणजे भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन स्टेशन, २००८ पासून स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडला आहे. जुनं कोळसाखाणीचं गाव, आता तिथे नॉर्वे, जर्मनी-फ्रान्स, इटली, चीन, जपान, कोरिया सगळ्यांची स्टेशनं, आणि जेवायला मेस एकच. वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं कारण तिथले अँटेना क्वेसारचे, म्हणजे अतिशय लांबच्या तेजस्वी दीर्घिकांच्या केंद्रांचे, अगदी क्षीण रेडिओ सिग्नल पकडतात. गावाबाहेर जायचं तर अस्वलांमुळे बंदूक बरोबर, तिचं ट्रेनिंग तिथेच देतात.

आता जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते. तिथे एकट्याच्या डेटाला फार किंमत नसते. माझ्या मशीनमध्ये एक फीत असते, हवा ओढली की तिच्यावर काळा ठिपका उमटतो, त्यावरून काजळी किती ते कळतं. पण काजळी लांबून आली की धक्क्याला लागलेल्या बोटीची, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी जर्मन-फ्रेंच स्टेशन रोज फुगा सोडतं त्याने मोजलेला वारा बघायचा, नॉर्वेवाल्यांची झेपेलिन डोंगरावरची नोंद बघायची, बंदरातल्या बोटींची वेळ बघायची. आणि ते सगळे यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत लिहितात. मी मशीनचं घड्याळ तिथल्या लोकल टाइमला लावलं होतं, उन्हाळ्यात तो दोन तास पुढे. चार दिवस शेजारच्या स्टेशनवरचा एक जण माझे आकडे वापरत होता, आणि बोट आली नसतानाच्या वेळेला काजळी दिसतेय म्हणून त्याला वाटलं हा सैबेरियातल्या वणव्याचा धूर असणार, त्याने तसा नकाशाही काढायला घेतला होता.

माझ्या वहीत काजळी ११:१० ला, बंदराच्या नोंदीत बोट ९:१० ला. ते बघितलं आणि पोटात गोळाच आला. लगेच जाऊन सांगितलं. तो रागावला नाही, खुर्ची सरकवून म्हणाला बस, आणि रात्री एकपर्यंत, बाहेर लख्ख ऊन, आम्ही एकेक ओळ दोन तास मागे नेत बसलो. देशादेशांतलं सहकार्य म्हणजे करार, सह्या, फोटो असं मला वाटायचं. करार हवेतच, पण रोजचं सहकार्य त्या वहीत असतं, म्हणून वेळ, जागा, मशीन कधी बंद पडलं, सगळं दुसऱ्याला वाचता येईल असं लिहा.

पुढचं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष, म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ मिळून ध्रुवांवर काम करतात तो काळ, २०३२-३३ ला आहे. आत्ता बीएस्सीला असाल तर तोपर्यंत पीएचडीत पोचाल, हिशोब अगदी बरोबर बसतो. एपेक्स म्हणून नवख्या ध्रुवीय संशोधकांची जागतिक संघटना आहे, मेंबरशिप फुकट, आजच घ्या. आणि येत्या हंगामात पऱ्हाट्या जाळायला लागले की आम्ही चोपड्याजवळ मशीन लावणार आहोत, दोन-तीन पोरं-पोरी लागतील. वही आम्ही देऊ, वेळ यूटीसीतच लिहायची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.