साप खात नाही? आधी या चुका टाळा

‘पाळलेला साप खात नाही’ म्हणून काकुळतीला आलेल्या माणसाला मी एकच विचारतो: शेवटचा उंदीर कधी दाखवला? उत्तर बहुधा ‘काल’ असतं. परवाही दाखवलेला असतो. रोज चिमट्यात उंदीर धरून समोर गेलात तर साप आणखी बिचकतो. नकार मिळाला की साप ठेवलेली टाकी बंद करा. पिल्लाला आठवडाभराने विचारा, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी. धडधाकट, पूर्ण वाढलेला बॉल पायथन (घरी पाळला जाणारा लहान अजगर) काही महिने सहज उपास काढतो. विणीच्या हंगामात नर तर हटकून.

नवा साप घरी आणल्या दिवशीच गळ्यात घालून फोटो काढू नका. आठवडाभर हातही लावू नका.

जिवंत उंदीर टाकीत सोडून झोपायला जाणं मला सहनच होत नाही. ‘रात्री खाईल आपोआप’ म्हणून ओळखीतल्या एकाने तेच केलं. साप वेटोळं घालून पडून राहिला आणि भूक लागली ती उंदराला. सकाळी सापाच्या पाठीवरचे खवले कुरतडून आतलं मांस उघडं पडलं होतं. भूक नसलेला साप बऱ्याचदा प्रतिकारही करत नाही. जखम भरली, पण पुढे कितीतरी दिवस उंदराचा वास आला की तो मागे सरकायचा.

गोठवलेला उंदीरच द्या. रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. बॉल पायथनला ओठांवरच्या खाचांमधून उष्णता कळते, म्हणून देण्याआधी मी उंदराचं डोकं पुन्हा गरम पाण्यात धरून ऊबदार करतो, लांब चिमट्याने पुढे करतो आणि हलत नाही. मायक्रोवेव्हचा शॉर्टकट नकोच. उंदीर कुठे शिजतो, कुठे बर्फच राहतो.

टाकीची ऊब हाताने जोखू नका. बॉल पायथनला गरम बाजूला 31-32 अंश सेल्सिअस लागतं, थंड बाजूला 25-26. हीट मॅटला (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) हवाच. दोन्ही बाजूंना अंग चिकटून बसेल अशी लपायची जागा द्या. उघड्यावरचा साप जेवत नाही.

डोळे दुधाळ दिसतायत? म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आलीय. ती टाकेपर्यंत थांबा.

जबडा उघडून घास कोंबणं हे घरी करायचं काम नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय किंवा तोंडाशी बुडबुडे दिसतायत, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा आणि ती वही सोबत न्या.