ब्रेल नोटटेकरमधल्या फाइल्स कशा लावायच्या

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या नोट्स काढणाऱ्या आपल्या अंध मुलामुलींसाठी हे खास लिहितोय. ब्रेल नोटटेकर म्हणजे ब्रेलमध्ये लिहिता-वाचता येणारं छोटं यंत्र. त्यातलं ब्रेलसेन्स असेल तर मेन मेनूतून फाइल मॅनेजर उघडा, स्पेस आणि ठिपका 4 ची कळ एकत्र दाबली की पुढची फाइल, स्पेस आणि ठिपका 1 ने मागची.

पण खरं काम नावात आहे बघा. ब्रेलसेन्सच्या पोलारिस मॉडेलवर एका वेळी 32च सेल (म्हणजे ब्रेल अक्षरांच्या जागा) बोटाखाली येतात, पोलारिस मिनीवर तर 20च, त्यामुळे "नवीन नोट्स फायनल" असलं नाव ठेवू नका, विषय आधी लिहा मग तारीख, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, म्हणजे नावाप्रमाणे लावल्यावर फाइल्स आपोआप क्रमाने येतात आणि पहिलं अक्षर दाबलं की थेट त्या विषयावर जाता येतं.

विषयागणिक एक फोल्डर पुरे, फोल्डरात फोल्डर नको, बोटांना फार फिरावं लागतं.

सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेली पुस्तकं वेगळ्या फोल्डरात ठेवा, स्वतःच्या नोट्समध्ये मिसळू नका.

पेनड्राइव्हवर हलवताना कट नको, कॉपीच करा, तिकडची फाइल उघडून दोन ओळी वाचा आणि मगच इकडची डिलीट करा. परीक्षेच्या आधी तर हे नक्कीच करा.